साखरेची फुलं घरी करून विकताना: नोंदणी, रंग, तारा आणि लेबल

घरच्या ओट्यावर गमपेस्टचे, म्हणजे साखर आणि खाण्याचा डिंक मळून केलेल्या पेस्टचे, गुलाब, पिओनी, ऑर्किड वळणाऱ्यांमध्ये दोन समज घट्ट बसलेले असतात. पहिला, "ही शोभेची वस्तू. अन्नाच्या परवान्याचा तिच्याशी काय संबंध?" दुसरा, "महिन्याला चार ऑर्डरी, हातात सुटणार दोन-तीन हजार. एवढ्यासाठी सरकारी कागद कोण करत बसणार?" दोन्ही समज चुकीचे आहेत. अन्नाच्या व्यवसायात किमान नोंदणी तरी लागतेच, मग धंदा कितीही लहान असो. आणि ती नोंदणी स्वस्त आहे, घरबसल्या होते. नवख्यांची गाडी अडते ती त्याच्या पुढे, रंगावर, तारेवर आणि लेबलवर. म्हणून इथे नोंदणी आटोपशीर सांगितली आहे आणि त्या तिघांवर जास्त रेंगाळलो आहोत.

सगळं विवेचन महाराष्ट्रात घरून काम करणाऱ्यांना धरून आहे. गोव्यातही कायदा आणि अर्जाचं सरकारी पोर्टल तेच, अधिकारी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे.

१. आधी ठरवा: तुमचं फूल खायचं की बघायचं?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ ची व्याख्या सरळ आहे. माणसाने खाण्यासाठी म्हणून जो पदार्थ आहे तो अन्न, मग तो प्रक्रिया केलेला असो की नसो. साखर, खाण्याचा डिंक आणि खाण्याचा रंग यांपासून बनवलेलं, 'एडिबल' म्हणून विकलेलं आणि केकवर बसणारं फूल या व्याख्येत येतं. "कुणी खात नाही हो, काढून ठेवतात" हा बचाव टिकत नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवा. घालतात दागिना म्हणून, पण बोरन्हाण उरकलं की बाळाच्या गळ्यातला हार मोठी पोरं तोडून खातातच.

दुसरी वाट आहे. फूल निव्वळ शोभेचं म्हणून विकायचं, जसं कॉर्नफ्लोअर आणि चिकटवायचा पांढरा गोंद मिसळून केलेल्या कोल्ड पोर्सिलीनचं. ते अन्न नाही, त्याला अन्ननोंदणी लागत नाही. मात्र ते केकच्या दुकानात खाण्याच्या फुलांशेजारी ठेवलं तर गोंधळ ठरलेला. मानवी सेवनासाठी नसलेल्या वस्तूंसाठी २०२० च्या लेबलिंग नियमांनी एक खूण दिली आहे, चौकोनात काळी फुली. पूजेच्या तेलाच्या बाटलीवर दिसते तीच. शोभेची फुलं विकायची तर ही फुली छापा आणि त्यांची भांडी, साचे, रंगाच्या डब्या खाण्याच्या कामापासून पूर्ण वेगळ्या ठेवा. आमचं मत विचाराल तर सुरुवातीला दोन्ही धंदे एकाच ओट्यावर करू नका. एकदा ब्रश अदलाबदल झाला की कोणती डबी कुठली हे सांगता येत नाही.

पुढचं सगळं खाण्याच्या फुलांबद्दल.

२. कोणता कागद लागतो?

२०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीत मूळ मर्यादा अशी होती: वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत आणि उत्पादन दिवसाला १०० किलोच्या आत असेल तर 'नोंदणी' पुरते. त्यावर गेलात की राज्य परवाना. घरी फुलं करणारी व्यक्ती १०० किलोच्या जवळपासही फिरकत नाही, त्यामुळे लक्ष उलाढालीवर ठेवा. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. साहित्याचा खर्च त्यातून वजा करायचा नसतो. मर्यादा आणि शुल्क सरकार मधूनमधून बदलतं, म्हणून अर्ज भरताना पोर्टलच्या पात्रतेच्या पानावर जो आकडा दिसेल तोच धरा.

इतर कागदांचं थोडक्यात:

- उद्यम नोंदणी: ऐच्छिक, विनाशुल्क, आधारवर होते. बँकेत आणि कर्जाच्या वेळी उपयोगी.
- गुमास्ता: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती मिळते. चालू खातं उघडताना बँका ती मागतात.
- जीएसटी आणि वैध मापन (वजन-मापांचे नियम): यांचं पुढे वेगळं येईल, कारण दोन्हींत सापळे आहेत.

३. अर्जाआधी जमवायची कागदपत्रं

- अर्जदाराचा पासपोर्ट आकाराचा फोटो
- ओळखीचा पुरावा: आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र
- जागेचा पुरावा: वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र
- चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल
- तुम्ही काय काय बनवता त्याची यादी, साहित्यासह

ओळखपत्रावरचा पत्ता आणि स्वयंपाकघराचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा आवर्जून जोडा. अर्ज परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे वीजबिल सासऱ्यांच्या किंवा दिराच्या नावावर आणि अर्ज सुनेच्या नावावर. अशा वेळी बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं साध्या कागदावरचं 'या जागेत व्यवसाय करण्यास हरकत नाही' असं सहीचं पत्र जोडलं की काम होतं.

सोसायटीचं ना-हरकत पत्र सरसकट लागत नाही, तरी अधिकाऱ्याने मागितलं तर धावपळ नको म्हणून सचिवांच्या कानावर आधी घालून ठेवा.

४. फॉसकॉसवर अर्ज

अर्ज एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, 'फॉसकॉस' पोर्टलवर भरायचा. शोधयंत्रात 'फूड लायसन्स' टाकलं की वरच्या पाच-सहा जागा खासगी दलालांच्या संकेतस्थळांनी अडवलेल्या असतात. तिरंगा, अशोकचक्राचा भास, सगळं हुबेहूब. शंभर रुपयांच्या कामाला ते हजार-दोन हजार लावतात. पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढं बघितलं तरी वाचाल.

क्रम असा:

१) राज्य निवडा, मग व्यवसायाचा प्रकार. इथे पहिली चूक होते. घरून काम म्हणून लोक 'केटरर' किंवा 'रिटेलर' निवडतात. तुम्ही वस्तू तयार करता, म्हणून तुम्ही उत्पादक. 'मॅन्युफॅक्चरिंग' या गटात जा. दुसऱ्यांच्या फुलांची नुसती विक्री करणाराच रिटेलर.

२) अन्नगट निवडा. दुसरी चूक इथे. केकशी संबंध म्हणून सगळे बेकरीचा ०७ गट टिचकावतात. साखरेची फुलं कन्फेक्शनरीच्या ०५ गटात येतात, आणि त्यातही ०५.४ या उपगटात, ज्यात केक वगैरेंच्या सजावटी, टॉपिंग आणि गोड सॉस मोडतात. केकही विकत असाल तर ०७ सुद्धा जोडा. एकाच जागेतली दोन्ही कामं एकाच नोंदणीत बसतात. जागा दोन असतील तर नोंदण्या दोन.

३) फॉर्म ए भरा. नाव आधारवर आहे तसंच लिहा. व्यवसायाचं नाव ठेवलं असेल तर तेच पुढे लेबलवर यायला हवं.

४) कागदपत्रं चढवा आणि शुल्क भरा. मूळ नियमावलीप्रमाणे नोंदणीला वर्षाला १०० रुपये होते आणि मुदत १ ते ५ वर्षं. पोर्टल जेवढ्या वर्षांचा पर्याय देईल त्यातला जास्तीचा घ्या. दरवर्षी आठवण ठेवण्याचा जाच वाचतो.

५) अर्जाचा क्रमांक जपून ठेवा आणि दर दोन दिवसांनी पोर्टलवर डोकावत राहा. अधिकाऱ्याने शंका काढली की ती तिथे दिसते. तिला वेळेत उत्तर दिलं नाही तर अर्ज निकाली निघतो आणि भरलेले पैसे जातात.

अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची, असा नियम आहे. तपासणी ठरली तर ३० दिवसांत निर्णय. मंजुरी मिळाली की १४ अंकी क्रमांकाचं प्रमाणपत्र येतं. पहिला आकडा २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला १५. म्हणजे तुमचा क्रमांक २१५ ने सुरू होईल. एखाद्या पुरवठादाराने दिलेला क्रमांक खरा वाटत नसेल तर फॉसकॉसवर टाकून पाहता येतो.

प्रमाणपत्र कामाच्या जागी दिसेल असं लावा. पावती किंवा बिल देत असाल तर २०२२ पासून त्यावरही हा १४ अंकी क्रमांक लिहावा लागतो.

५. अधिकारी आले तर काय बघतात?

छोट्या व्यावसायिकांनी पाळायची स्वच्छता त्याच २०११ च्या नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात सांगितली आहे. घराला कारखाना करा असं त्यात म्हटलेलं नाही. पिण्याचं स्वच्छ पाणी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, किडे-झुरळं-उंदीर नसणं, धुता येईल असा ओटा, बांधलेले केस, कापलेली नखं, आजारी असताना काम न करणं, आणि खाद्यवस्तू फिनाइल-साबणापासून दूर.

साखरेच्या फुलांच्या कामात मात्र खास अडचणी आहेत. फुलं वाळवायला एक-दोन दिवस उघडी ठेवावी लागतात, आणि घरात तेवढा वेळ धूळ, फोडणीची वाफ, मांजर, लहान हात सगळे फिरत असतात. दाराचं कपाट किंवा जाळीचा डबा यासाठीच राखून ठेवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या हवेत पाकळ्या वाळतच नाहीत. त्या महिन्यांत बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लावूनच काम होतं. ओलसर राहिलेली पेस्ट चिकटते आणि डागाळते.

अवजारांकडेही बघा. पाकळीवर शिरा उमटवणारे साचे हस्तकलेच्या दुकानातल्या रेझिनचे असतील तर बदला. अन्नयोग्य सिलिकॉनचेच घ्या. केस गळणारे ब्रश, हिरवा गंज चढलेले पितळी कटर, ग्लू गन यांना ओट्यावर जागा नाही.

६. रंग: सगळ्यात जास्त चुका इथे

भारतात अन्नात चालणारे कृत्रिम रंग आठ: टार्ट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसीन (१२२), पॉन्सो ४आर (१२४), एरिथ्रोसीन (१२७), इंडिगो कार्मीन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). कंसातले आकडे आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात घालायच्या रंग-रसायनांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, डबीवर तेच शोधायचे. ऱ्होडामीन बी, मेटॅनिल यलो, ऑरामीन हे कपड्याचे रंग. सुटे, पुडीत बांधून मिळणारे 'मिठाईचे रंग' घेऊच नका, त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मात्रेचा हिशोब फार कमी जण करतात. कन्फेक्शनरीत कृत्रिम रंगाची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. ४० ग्रॅमच्या गुलाबात मिळून सगळे रंग ४ मिलिग्रॅमच्या आत. ही मर्यादा शुद्ध रंगाची आहे, रंग मिसळलेल्या जेलची नाही. डबीवर एकूण रंगाचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं. समजा जेलमध्ये ५ टक्के शुद्ध रंग आहे, तर १ किलो पेस्टला २ ग्रॅम जेल इतकीच मुभा. ८५ टक्क्यांची भुकटी असेल तर जेमतेम ०.१२ ग्रॅम. ही मापं चमच्याने होत नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या.

सापळा कुठे? गडद लाल गुलाब, काळा ट्यूलिप, गर्द जांभळं ऑर्किड. पेस्ट मळताना लाल हवा तसा येत नाही म्हणून माणूस रंग ओततच जातो. पेस्ट आधी गुलाबी करा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी ती आपोआप एक-दोन छटा गडद झालेली असते. मग वाळलेल्या पाकळीवर कोरड्या ब्रशने अन्नयोग्य रंगाची भुकटी कडेला लावा. डोळ्याला खोल लाल दिसतो आणि एकूण रंग कमी जातो. तरीही ग्राहकाने दाखवलेल्या फोटोइतका गडद होत नसेल तर तसं सांगा. फोटोतलं ते फूल कदाचित कोल्ड पोर्सिलीनचं असेल.

आता चमक. पेटल डस्ट, लस्टर डस्ट (पाकळ्या रंगवायच्या आणि चमकवायच्या भुकट्या) यांच्या डब्यांवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं आणि लोक त्याचा अर्थ 'खाण्यायोग्य' असा लावतात. खडूसुद्धा नॉन-टॉक्सिक असतो. डबीवर 'एडिबल' शब्द, घटकांची यादी आणि एफएसएसएआय क्रमांक, तिन्ही हवेत. यातलं एक जरी नसेल तर ती भुकटी खाण्याच्या फुलावर जाणार नाही. ही नुसती कायद्याची किरकिर नव्हे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवरची रोज-गोल्ड चमक म्हणजे तांब्याची बारीक पूड होती. पुढच्या वर्षी मिसूरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, आणि माग निघाला तो फिक्या पिवळ्या पेटल डस्टपर्यंत. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये या दोन्ही घटनांचा अहवाल छापला. दोन्हीकडे पूड शोभेची होती आणि गेली केकवर.

भुकटी पातळ करून पाकळी रंगवताना व्होडका वापरण्याची पद्धत परदेशी व्हिडिओंतून आली. महाराष्ट्रात दारू जवळ बाळगायलाही परमिट लागतं, आणि ग्राहकाने विचारलं तर उत्तर देणं अवघड जातं. लिंबाचा अर्क (बाटलीतलं लेमन एक्स्ट्रॅक्ट, रस नव्हे) चालतो. सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र कधीही नाही. ते 'उडून जातं' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

७. तारा, पुंकेसर, थर्माकोल

खऱ्यासारखं दिसणारं फूल तारेवर होतं. जाड देठाला १८ गेज, मधल्या पाकळ्यांना २४-२६, नाजूक पाकळ्यांना २८-३०. तारेवरचा कागद, देठाला गुंडाळायची हिरवी मेणपट्टी, तयार मिळणारे दोऱ्याचे पुंकेसर, मोठ्या गुलाबाच्या पोटातला थर्माकोलचा गोळा, यातलं काहीही खायचं नाही. अन्नात परकीय वस्तू सापडली तर कायद्याच्या कलम ५४ मध्ये १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंडापेक्षा वाईट म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या घशात पाकळीबरोबर गेलेली तार.

मग काय करायचं?

- फुलांचे दोन सरळ प्रकार करा, बिनतारेची आणि तारेची. बिनतारेची पूर्ण खाण्यायोग्य. तारेच्या डबीवर ठळक इशारा.
- थर्माकोलऐवजी पेस्टचाच शंकू करून तीन-चार दिवस वाळवा. वजन वाढतं, पण पूर्ण फूल साखरेचं राहतं.
- पुंकेसर दोऱ्याचे न घेता पेस्टचे वळा. वेळ लागतो, त्याचे पैसे लावा.
- तार थेट केकमध्ये खुपसायची नाही, हे गिऱ्हाईक बेकरीवालं असलं तरी सांगा. तारेचा देठ पोझी पिकमध्ये, म्हणजे केकमध्ये खोचायच्या बंद बुडाच्या प्लास्टिक नळीत घालून मग ती नळी खोचायची. नळी नसेल तर जाड स्ट्रॉ कापून तिचं टोक वितळलेल्या चॉकलेटने बंद केलं तरी चालतं.
- डबीत किती तारा आहेत तो आकडा लिहा, जसं '७ तारा'. केक कापणारा मोजून काढतो. साधी गोष्ट आहे, पण फार कमी लोक करतात.

८. हिरवा गोल की तपकिरी त्रिकोण?

भारतात अंडं मांसाहारी खुणेत येतं. पेस्टमध्ये अंड्याचा पांढरा बलक किंवा मेरिंग पावडर असेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. जिलेटिन असेल तरी तोच. कोचिनील किंवा कार्मीन (१२०) हा लाल रंग किड्यापासून निघतो, त्यालाही त्रिकोणच. नाव ऐकून कार्मीनची गल्लत कार्मोइसीनशी करू नका, ते कृत्रिम आहे. ग्लिसरीन वनस्पतीचं की प्राण्याचं हे बाटलीवर बघा, नसेल तर पुरवठादाराकडून लेखी घ्या. चमकीसाठी मारायचं शेलॅक ग्लेझ लाखेच्या किड्याचं असतं, आणि जैन ग्राहक त्याबद्दल नेमकं विचारतात.

कच्चा पांढरा बलक वापरूच नका. साल्मोनेलाचा धोका वाळवल्याने जात नाही. अंड्याची पेस्ट हवीच असेल तर पाश्चराइज्ड पांढऱ्या बलकाची पावडर. आपल्याकडची बरीचशी मागणी एगलेसची असल्याने सीएमसीवरची (खाण्याच्या डिंकाच्या भुकटीवरची) पेस्ट व्यवहाराला सोपी पडते. हिरवा गोल किमान ३ मिलिमीटर व्यासाचा हवा, हे डबीचा दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असतानाचं माप. डबी मोठी तशी खूण मोठी.

९. लेबल

लेबलवर मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी जोडून लिहिता येतं, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. अभिमान बाजूला ठेवून दोन्ही छापा.

काय काय यायला हवं:

- पदार्थाचं नाव: 'साखरेची फुलं, केक सजावटीसाठी'. नुसतं 'रोझ टॉपर' नको
- घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने
- शाकाहारी किंवा मांसाहारी खूण
- रंगांचं विधान आणि आयएनएस क्रमांक
- ॲलर्जीचा इशारा
- पोषणतक्ता
- निव्वळ वजन किंवा नग
- बनवल्याची तारीख, मुदत, बॅच क्रमांक
- नाव, पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक
- साठवणुकीची सूचना आणि तारेचा इशारा

घटकांची यादी म्हणजे पाककृती उघड करणं नव्हे, प्रमाण लिहायचं नसतं. एगलेस पेस्टचं उदाहरण: 'आयसिंग शुगर (साखर, मक्याचा स्टार्च), द्रव ग्लुकोज, घट्टपणा आणणारा घटक (आयएनएस ४६६), खाद्य वनस्पती स्निग्धपदार्थ (पाम), आर्द्रता राखणारा घटक (आयएनएस ४२२). परवानगी असलेले कृत्रिम खाद्यरंग आहेत (आयएनएस १२२, १३३).' आयसिंग शुगरमधला स्टार्च लोक हमखास विसरतात, कारण तो त्यांनी स्वतः घातलेला नसतो. पाकिटाची मागची बाजू वाचा. मळताना घातलेलं पाणी वाळताना उडून जातं, ते यादीत लिहावं लागत नाही.

ॲलर्जीत दूध, अंडं, सोया, शेंगदाणे व सुकामेवा, ग्लुटेनचं धान्य हे तपासा. पेस्टमध्ये गहू नसला तरी त्याच ओट्यावर मैद्याचा केक होत असेल तर 'गव्हाचा अंश असू शकतो' असं लिहिणं शहाणपणाचं.

पोषणतक्ता १०० ग्रॅममागे: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण, संपृक्त व ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल, सोडियम. साखरेचं फूल म्हणजे जवळपास निव्वळ साखर. घटकांच्या पाकिटांवरचे आकडे वजनाच्या प्रमाणात जोडले की हिशोब जमतो. तक्त्यात वरून घातलेली साखर शून्य दाखवणारी लेबलं बाजारात दिसतात. तुम्ही ती चूक करू नका.

१०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टणाला घटकयादी, पोषणतक्ता, बॅच आणि परवाना क्रमांक यांतून सूट आहे, पण मग तो तपशील बाहेरच्या मोठ्या खोक्यावर यायलाच हवा. एकेक फूल सुटं विकणाऱ्यांना ही सूट उपयोगी नाही, कारण त्यांचं बाहेरचं खोकं ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही.

मुदत किती लिहायची? नेटवर कुणी वर्ष म्हणतं, कुणी दोन वर्षं. साखर टिकते, पण रंग उडतो आणि स्निग्धांशाला वास येतो. प्रत्येक बॅचची दोन फुलं तारीख लिहून बाजूला ठेवा. सहा महिने ती तुमच्या हवेत, पावसाळ्यासकट, चांगली राहिली तरच सहा महिने लिहा. तोवर तीन लिहा. साठवणुकीत 'फ्रिजमध्ये ठेवू नये' हे हवंच. बाहेर काढल्यावर फुलावर दव साचतं, रंग ओघळतो आणि पाकळी मान टाकते. तक्रारी येतात त्या बहुतेक याच्याच.

चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलला कलम ५२ मध्ये ३ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

१०. वजन, किंमत, डबी

आधीच डबीत भरून विक्रीला ठेवलेल्या मालाला वैध मापन खात्याचे २०११ चे वेष्टणबंद वस्तूंचे नियम लागतात: सर्व करांसह कमाल किंमत, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. डबीत भरायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणी करायची असते, शुल्क ५०० रुपये. १० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या वेष्टणाला या नियमांतून सूट आहे. वजनावर विकत असाल तर स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. पडताळणीचा शिक्का मारलेला काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दरवर्षी करावा लागतो. नगावर विका, हा त्रास वाचतो.

डबी अन्नयोग्य हवी. वर्तमानपत्राचे बोळे आधार म्हणून कोंबायचे नाहीत, छपाईची शाई अन्नाला लागणं नियमात बसत नाही. सिलिका जेलची पुडी डबीच्या झाकणाला चिकटवा, फुलांत मोकळी टाकू नका. पांढरी गोल पुडी मुलाला साखरेची गोळी वाटते.

११. राज्याबाहेर कुरिअर करताना

वस्तूंच्या व्यापारात जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख. त्यामुळे "आपल्याला काय लागत नाही" असं सगळे म्हणतात. खरं आहे, फक्त राज्याच्या आतल्या विक्रीपुरतं. कोल्हापूरहून बेळगावला, सावंतवाडीहून म्हापशाला विकलेली एक डबीसुद्धा आंतरराज्य विक्री, आणि वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेताना पत्ता बघूनच होकार द्या.

परदेशी पाठवायचं असेल तर ही साधी नोंदणी पुरत नाही. एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना आणि आयात-निर्यात कोड लागतो. शिवाय तिकडचे रंगाचे नियम वेगळे. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र करणारं टायटॅनियम डायऑक्साइड (१७१) युरोपीय संघात २०२२ पासून बंद आहे. ब्रिटनमध्ये राहून हे काम करणाऱ्या मराठी मंडळींना आपला कायदा लागू नाही. तिथे स्थानिक कौन्सिलकडे सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी करायची, ती विनाशुल्क आहे.

१२. नोंदणीनंतरची कामं

घर बदललं, नवा अन्नगट घेतला, नाव बदललं, तर फॉसकॉसवर बदलाचा अर्ज करा. जुन्या पत्त्याचं प्रमाणपत्र नव्या घरात चालत नाही. प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपायच्या दोन-तीन महिने आधीचा गजर मोबाइलमध्ये लावा. मुदत उलटल्यावर विकलेला माल बिननोंदणीचा धरला जातो. उलाढाल मर्यादेच्या जवळ यायला लागली, म्हणजे दिवाळी ते फेब्रुवारीच्या लग्नसराईत जेव्हा येते, तेव्हाच परवान्याच्या तयारीला लागा. मार्चअखेरीस पळापळ नको.

एक वही ठेवा. बॅच क्रमांक, तारीख, आयसिंग शुगर आणि रंगाच्या डब्यांचे बॅच क्रमांक, किती ग्रॅम रंग घातला, किती फुलं झाली, कुणाला गेली. तक्रार आली की याच वहीतून नेमकी ती बॅच उचलता येते, नाहीतर तीन महिन्यांचा सगळा माल परत मागवावा लागतो. साहित्याची बिलंही याच वहीत टाचून ठेवा. अधिकारी रंगाची डबी उचलून "ही कुठून घेतली?" असं विचारतात, तेव्हा तोंडी उत्तराला किंमत नसते.